विरेशने काय पाहावे

२५ ऑगस्ट, सोमवार
नवी वही. हिच्यात फक्त खरे लिहायचे. कोणाला दाखवायची नाही.

आज भट्टीचे मालक मल्लिनाथअण्णांनी खव्याची मोठी कढई विरेशला दिली. विरेश भट्टीवर येऊन सहा महिने झाले, मला अडीच वर्षे. मला खोक्यांवरची नावे लिहायला बसवले, कारण माझे अक्षर चांगले. चांगल्या अक्षराची ही शिक्षा.

अण्णा असेही म्हणाले की घटस्थापनेपर्यंत जो मोठ्या कढईवर खवा लागू देणार नाही, तो तुळजापूरच्या नव्या पेढ्याच्या दुकानात गादीवर बसेल. त्या दुकानाच्या पाटीचा नमुना मी जूनमध्येच काढून ठेवलाय.

मी माझ्या हक्काचे बोललो. जाळ घालणाऱ्या दैवशालाकाकू म्हणाल्या, "कढईचं राहू दे बाबा, तुझा च्या तरी कधी उतू न जाता झालाय का?" हे वाक्य तारखेसह नोंदवून ठेवत आहे.

२६ ऑगस्ट
संकल्प: सूड नाही, न्याय.

खव्याचे असे असते. दूध तासभर आटते तोवर माणसाने काहीही केले तरी चालते. शेवटी गोळा जमायला लागला की आठ-नऊ मिनिटे उलथणे थांबता कामा नये. नजर हलली की बुडाला लागलेच.

म्हणजे विरेशची नजर हलवायची. एवढेच.

आणि आज तो आपल्या पायाने आला. त्याने नवीन मोबाइल घेतलाय. "दादा, तुमी लई बघता म्हणं. मला बी कायतरी चांगलं सांगा की." मला दादा म्हणतो. हीच त्याची लबाडी. माझ्याकडे पुण्याच्या मावसभावाच्या, उत्कर्षच्या, सिनेमे-मालिकांच्या अ‍ॅपचा पासवर्ड आहे. तो विरेशलाही दिला. शत्रूला स्वखर्चाने हत्यार कोण देतो? (खर्च उत्कर्षचा आहे.)

२९ ऑगस्ट
मालिका ठरली. बर्फात अडकलेले चार भाऊ, दहा भाग. आठ आलेत, उरलेले दोन ७ आणि १४ सप्टेंबरच्या रविवारी एकेक येतील. न तपासता सांगणे योग्य नाही, म्हणून आठही पाहिले. कोणत्या भागात कितव्या मिनिटाला धक्का आहे, याचा तक्ता केला. भाग तिसरा, एकतिसावे मिनिट: थोरला दरीत पडतो. हे मिनिट गोळा जमण्याच्या वेळेवर आले पाहिजे. तसा हिशोब बसवून भाग कधी लावायचा ते विरेशला सांगितले.

खोक्यांवरची भूम आणि वाशी या गावांची नावे आज एकमेकांच्या जागी पडली. शुद्धलेखन बरोबर होते.

१ सप्टेंबर
धूर डोळ्यांत जातो म्हणून विरेशने मोबाइल पिशवीत घालून खुंटीला टांगला. नुसता ऐकतो. दैवशालाकाकूंनी आवाज मोठा करायला लावला. थोरला दरीत पडला तेव्हा काकूंनी पदराने डोळे पुसले आणि विरेश जास्तच जोरात ढवळायला लागला. अण्णा खवा चाखून म्हणाले, आज हात एकसारखा फिरलाय.

योजना चुकली नाही. यंत्र चुकले. आवाज नको होता.

४ सप्टेंबर
समुद्राच्या तळाची डॉक्युमेंटरी सांगितली. दीड तास मासे. बोलणे शून्य, म्हणजे बघावेच लागणार. स्वतः दोनदा पाहिली.

विरेशने ती जेवणाच्या सुट्टीत लावली आणि चौथ्या मिनिटाला घोरायला लागला. उठल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाला, "दादा, दोन महिन्यांत अशी झोप न्हाय लागली." ताज्या हाताने संध्याकाळची कढई काढली. अण्णांनी कधी नव्हे ते 'वा' म्हटले.

८ सप्टेंबर
नवव्या भागात मधले दोघे गेले. फक्त धाकटा उरलाय.

आता विरेशचे मन खचवायचे. परदेशातल्या एका म्हाताऱ्याची डॉक्युमेंटरी सापडली. साठ वर्षे चीज करतो आणि तरुण पोरांना दारात उभे करत नाही. ती पाहून विरेशला आपली लायकी कळेल.

११ सप्टेंबर
कळली नाही. म्हातारा शेवटी जाळ काढून घेतो आणि नुसत्या भांड्याच्या गरमीवर काम करतो, एवढेच विरेशने उचलले. आज गोळा जमायच्या आधीच काकूंना लाकडे ओढायला सांगितली. असा दाणेदार खवा भट्टीवर आजवर झाला नव्हता. अण्णांनी विचारले, कुठे शिकलास? तो म्हणाला, धनाजीदादानं दाखवलं.

अण्णांनी मला बोलावून विचारले, "धनाजी, हे तूच सांगितलंस व्हय?"

कट उघडा पडला असे वाटले. मी ताबडतोब म्हणालो की माझा यात काही संबंध नाही, वाटल्यास शपथ घेतो.

"बरं," म्हणून अण्णा कढईकडे वळले. मी वाचलो.

१४ सप्टेंबर, रविवार, सकाळी
विरेश बहिणीच्या सोयरिकीला वाशीला गेला. मोठी कढई आज माझ्याकडे! अण्णा म्हणाले, बघू तुझा हात. न्यायाला उशीर लागतो, पण तो होतो.

आजच दहावा भाग आलाय. विरेशला सांगण्याआधी तपासावा लागेल. मोबाइल दुधाच्या कॅनवर उभा केला आहे. गोळा जमायच्या आत बंद करीन. तक्ता आहेच.

त्याच दिवशी, दुपारी
चाळीस लिटर.

वास एसटी स्टँडपर्यंत गेला म्हणतात. अण्णांनी माझ्या हातातून उलथणे घेतले, बस्स. दैवशालाकाकूंनी जाळावर पाणी मारले, जवळ आल्या आणि हळूच विचारले, "धाकटा वाचला का रे?"

मला माहीत नाही. शेवटची नऊ मिनिटे राहिली.

१६ सप्टेंबर
उत्कर्षने पासवर्ड बदलला. त्याचे म्हणणे, अ‍ॅप त्याला चार दिवस झाले नुसते मासे आणि चीज दाखवते.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
विरेश तुळजापूरला गादीवर बसला. मी मोठी कढई घासतो आहे. आजचा आठवा दिवस. बूड अजून काळेच आहे.

दुपारी त्याचा फोन आला. गर्दी लई आहे, दादा, तुमी पाहिजे होता. पाटीसाठी अण्णांनी माझाच नमुना छापायला दिला म्हणाला. मग सहज बोलला की त्याने स्वतःचे अकाउंट घेतले आणि दहावा भाग काल पाहिला.

मी सूड, न्याय सगळे बाजूला ठेवले. विचारले, धाकट्याचे काय झाले?

"सांगत न्हाय, दादा. तुमी एवढं चांगलं सांगितलं, मी तुमची मजा घालवू व्हय?"

दैवशालाकाकूंनाही त्याने फोनवर सगळे सांगितले आहे. मघाशी विचारले तर म्हणाल्या, आधी कढई घास.