गोठ्यातली राणी आणि मी

अहो,

भाकरी टोपल्यात आहे, पिठलं गरम करून घ्या. दादा न्यायला आलाय. मी निरगुडसरला आईकडं चालले, बाळंत होईपर्यंत तिकडंच राहीन.

काल ओतूरला सोनोग्राफीत बाळाचं वजन कमी दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गरोदर बाईजवळ कुणी विडी ओढली तरी बाळाची वाढ खुंटते, घरात कोण ओढतं का? मी ‘नाय’ म्हणाले. तुम्ही तेव्हा बाहेर विडीच ओढत होता.

आपली राणी गायपण गाभण आहे. तिच्यासाठी सरकी भिजवता, पाठीवरून हात फिरवता, आज कशी आहेस म्हणून विचारता. खरं सांगते, मी जळते तिच्यावर. गोठ्यात शिरताना विडी दारातच विझवता आणि आपल्या खोलीत येऊन दुसरी पेटवता. मी विचारलं तर म्हणालात, “तितं कडबा हाय, ठिणगी पडली म्हंजी?”

मला परत आणायचं असेल तर आधी आपल्या खाटेशेजारी कडब्याच्या चार पेंढ्या रचून ठेवा.

ज्योत्स्ना