बुएनाच्या दगडाची व्यवस्था

मी, जोया पेपो बेराहा, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा पूर्वी बायकांच्या कंबर आवळणाऱ्या कॉर्सेट शिवण्याचा, हल्ली भांडणाचा, राहणार थेसालोनिकी, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, कोणी हात न पिरगाळता सांगत आहे. माझी शुद्ध शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यांनी मला आज वार कोणता ते विचारले. मी वार सांगितला, आणि त्यांच्या शर्टाचे बटण चुकीच्या काजात गेले आहे हेही सांगितले. यापूर्वीची माझी तीन मृत्युपत्रे रागाच्या भरात झाली होती, ती रद्द समजावीत.

कलम एक. पहिल्या मजल्यावरचे राहते घर माझ्या दिवंगत यजमानांचा पुतण्या साबी, दंतवैद्य, अथेन्स, याला द्यावे. तो एकदा मला म्हणाला होता, "काकू, किती वर्षं तेच तेच सांगणार? लोक कंटाळलेत." मी म्हटले, "तुझ्या लग्नाची तीन तासांची फिल्म तू आल्यागेल्याला दाखवतोस. त्यालाही लोक कंटाळलेत, पण तू थांबलास का?"

तरी घर त्यालाच, कारण माझे स्वतःचे रक्ताचे कोणी उरलेले नाही. मी पंधरा वर्षांची असताना, १९४३च्या वसंतात, आम्ही ज्यू म्हणून जर्मनांनी घरातल्या आम्हा सात जणांना आगगाडीच्या गुरांच्या डब्यात घालून पोलंडच्या मृत्युछावणीत नेले. १९४५ साली मी एकटी परत आले. आमच्या गल्लीत एक बाई भेटली. म्हणाली, "अगं, आलीस का? आम्हाला वाटलं, तुम्ही दुसरीकडे राहायला गेलात!" तिच्या अंगात माझ्या आईचा कोट होता. अस्तराची उलटी टीप मीच घातली होती, चुकून. दोन वर्षांत गल्लीने आम्हाला इतके विसरून टाकले होते. मग साठ वर्षांत काय होईल, याचा हिशेब साबीने करावा.

म्हणून घराला अट आहे. ज्या शाळेत मी दर जानेवारीत त्या छावणीविषयी बोलायला जाते, तिथे माझ्यामागे साबीने जावे. "मी तिथं नव्हतो, मी काय सांगणार?" असे तो म्हणेल. माझे सगळे लिहून ठेवलेले आहे. त्याने फक्त मोठ्याने वाचावे आणि मधेच कोणाचे दात तपासू नयेत.

कलम दोन. शिलाई मशीन कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यांच्या सुनेला. गिऱ्हाइकांच्या मापांची वही मात्र न उघडता जाळावी. या शहरातल्या निम्म्या प्रतिष्ठित घराण्यांची अब्रू तिच्यात आहे. जगात एवढी एकच गोष्ट विसरायला माझी परवानगी आहे.

कलम तीन. खालच्या अंगणातला संगमरवरी दगड. याचा खुलासा लांब आहे, नोटरींनी घड्याळ पाहू नये.

तळमजल्यावर स्मारो काराजोग्लू राहते. तिच्या सासऱ्यांनी युद्धाच्या दिवसांत अंगणात एक लादी बसवली होती. स्मारो तिच्यावर मासे साफ करी. १९८७ साली नळवाल्याने पाइपासाठी ती उपटून उलटी केली, तर पोटाकडे आमची अक्षरे! युद्धात आमचे कबरस्तान उखडून दगड गावभर वाटले गेले होते, त्यातलाच तो एक.

मी वरून ओरडले, "स्मारो, माझ्या माणसांच्या छातीवर मासे कापतेस?"

"दगड माझ्या सासऱ्यांचा आहे, जोयाबाई!"

"सासरे हिब्रूत लिहीत होते का?"

चार वर्षे आम्ही बोललो नाही. मी तिच्या वाळत घातलेल्या चादरींवर गालिचे झटकले. तिने माझ्या खिडकीखाली सार्डिन तळले, तेही शनिवारीच, आमच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी. मग एके दुपारी ती खालून म्हणाली, "त्याच्यावर लिहिलंय तरी काय?"

मी जिना उतरले आणि वाचले. "बुएना. याकोव्ह सारफाती यांची मुलगी. वय एकोणीस."

स्मारोची मुलगी थेक्ला तेव्हा एकोणीस वर्षांची होती. "हिच्या घरचे कुठे असतात?" तिने विचारले.

"जिथे माझे आहेत तिथे. मी छावण्यांतून परतलेल्यांच्या सगळ्या याद्या पाहिल्या. एकही परत आला नाही."

दुसऱ्या दिवशी दगड साबणाने घासलेला होता आणि मासे पत्र्यावर कापले जात होते. आमच्या नव्या कबरस्तानात नेऊन ठेवू म्हटले, तर ही कंबर कसून उभी. "घासला मी, नेणार तुम्ही? ती इथंच राहील." शेवटी बुएना तुळशीच्या कुंड्यांमध्ये, भिंतीला टेकून उभी राहिली. आता पाहुणे आले की स्मारो "आमची बुएना" म्हणून ओळख करून देते. ही शुद्ध अरेरावी आहे, आणि मला ती फार आवडते. हे वाक्य मी जिवंत असताना तिला वाचून दाखवू नये.

दगडावर कोरलेल्या बुएनाच्या पुण्यतिथीला मी तेलाचा दिवा लावते. आमच्या तिथ्या दर वर्षी सरकतात, म्हणून पुढच्या तीस वर्षांच्या तारखा लिहून दिल्या आहेत. माझ्यामागे दिवा स्मारोने लावावा आणि नाव मोठ्याने घ्यावे. उच्चार चुकला तरी चालेल, नाव वगळलेले चालणार नाही.

इथे नोटरींनी हरकत घेतली. "स्मारोबाई साक्षीदार आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये."

मी म्हटले, "तिला मिळतंय कुठे? कामाला लावतेय."

नोटरींनी कायद्याचे पुस्तक चाळले आणि मृत्युपत्र सहीसाठी स्मारोपुढे सरकवले.

स्मारोने चष्मा लावून सगळे वाचले, न वाचायचे वाक्यसुद्धा. पेन हातात घेतले आणि थांबली. "जोयाबाई, मी सदुसष्ट वर्षांची आहे. माझ्यानंतर कोण लावणार?"

"ते तुझ्या मृत्युपत्रात तू लिही," मी म्हटले.

तिने नोटरींना विचारले, "उद्या सकाळी किती वाजता उघडता?"

थेसालोनिकी, दिनांक १४ ऑक्टोबर २००९

जोया बेराहा (सही)

साक्षीदार:
स्मारो काराजोग्लू, शेजारीण (सही)
लाझारोस मित्सिओस, औषधवाले (सही)
रेना नेहामा, निवृत्त शिक्षिका (सही)

समक्ष: अनेस्तिस व्रेटास, नोटरी. उद्या सकाळी साडेनऊला स्मारोबाईंची वेळ नोंदवली आहे.