चाळीसातल्या अकरा पेशी

तीर्थरूप बाबांना बाझेलहून उर्सिनाचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवणखाण वेळेवर आहे. मंगळवारी मात्र घास उतरला नाही.

आमच्या प्रयोगशाळेतला संगणक सूक्ष्मदर्शकाखालच्या जिवंत पेशी दर पाच मिनिटांनी तपासतो आणि कोणत्या पेशीला चेतवायला किती निळा उजेड द्यायचा ते स्वतः ठरवतो. या पेशी एका पेशंटच्या होत्या. ती बाई वारली, त्यामुळे आता नव्या मिळायच्या नाहीत. दुपारी पाहिलं तर पेशी आक्रसत होत्या, तरी उजेड वाढतच होता, आणि जास्त उजेडाने त्या मरतात.

“हात लावू नकोस, सावरेल तो,” शेजारच्या टेबलावरचा रेटो ओरडला. “तीन आठवड्यांचं काम पाण्यात घालवशील!”

मी प्रयोग थांबवला. चूक माझ्याच प्रोग्रॅममध्ये निघाली. पेशी मंद दिसली की तो उजेड वाढवायचा. ती मरतही असेल, हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. आमच्या प्रमुख त्शुदीबाईंना मी तसं सांगून टाकलं.

“वाचल्या किती?” त्यांनी एवढंच विचारलं.

“चाळीसातल्या अकरा.”

“मग चूक दुरुस्त कर आणि त्या अकरांवर उद्या पुन्हा सुरू कर. तूच कर.”

चूक दुरुस्त केली, आता त्या अकरांवर काम चालू आहे.

आईचा खोकला कसा आहे? खरं काय ते लिहा, बाबा. मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

तुमची,
उर्सिना