आत्याच्या गाठीतल्या पेशी

४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी रडते आणि तू ओरडतेस, म्हणून हे पत्र. तुझ्या काढलेल्या गाठीचा तुकडा आमच्या प्रयोगशाळेत पोचला. त्यात काय शोधणार, असं तू विचारलंस. गाठीत कर्करोगाबरोबर तुझ्याच रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशीही शिरलेल्या असतात. पण त्यातल्या बऱ्याचशा नुसत्या बघ्या. त्यांना सर्दीपडसं ओळखता येतं, कर्करोग नाही. ज्या मोजक्या पेशी त्याला खरंच ओळखतात, त्या निवडायच्या, वाढवायच्या आणि तुला परत द्यायच्या.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी मात्र हे काम माझ्याकडून काढून घेतलं. घरच्या माणसाच्या नमुन्याला हात लावायचा नाही म्हणाल्या. आता ते माझ्याबरोबर काम करणारा आमचा लांब्या करतो. हुशार आहे, पण बोलेल तर शपथ.

काकांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
खारूताई


११ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

बाईंचं बरोबर आहे. शाळेत तू शर्यतीत असलीस की मीसुद्धा पंच होत नसे. जन्मभर पोरांना मैदानावर पळवलं आणि माझ्याच पेशी बघ्या निघाव्यात! एकेकीचा कान पिळायला हवा.

तुझे काका स्वयंपाक शिकताहेत. काल सूप केलं. त्याला सूप म्हणायचं, कारण ते तसं म्हणाले.

खोकला आहेच. एक ऐक, पेशी सापडल्या नाहीत तर मला गोड बोलून फसवू नकोस. सरळ सांग. यांना कसं सांगायचं ते मी बघेन.

जिव्हाळा आहेच, तो दोघींनी जपू.

तुझी आत्या


२ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सरळ सांगते. पहिल्या खेपेला हाती काही लागलं नाही. कर्करोगासमोर ठेवल्यावर ज्या पेशी चेतल्या, त्या इतक्या दमलेल्या होत्या की वाढेचनात. मी जिन्यात जाऊन बसले. लांब्या मागोमाग आला आणि पहिल्यांदाच भडाभडा बोलला. म्हणाला, वाढल्या नाहीत तरी त्यांची खूण तर आपल्याला कळली. तीच खूण असलेल्या ताज्या पेशी आत्यांच्या रक्तात शोधू. तुझं रक्त पुन्हा मागवलं ते यासाठी.

आत्या, सापडल्या! थोड्याच, पण भराभर वाढताहेत. काल त्याने मला बघायला बोलावलं, मी हात मागे बांधून उभं राहायचं या अटीवर. कर्करोगाला त्यांनी चहूकडून घेराव घातला होता.

पेशी दिल्यावर ताप येईल, हुडहुडी भरेल. घाबरू नकोस, आणि नर्सशी भांडू नकोस.

आहे तशीच लाडात ठेव.

तुझी,
खारूताई


३० जुलै

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

भांडले. तापात नर्सला मुख्याध्यापिका समजून जुने हिशेब चुकते केले. नंतर माफी मागितली, तर ती म्हणाली, आमच्याही हेडबाई अशाच आहेत.

काल डॉक्टरांनी फुप्फुसाची चित्रं दाखवली. आत उरलेल्या तीनपैकी दोन गाठी दिसेनाशा झाल्यात, तिसरी आक्रसलीय. पुढचं कुणी छातीठोकपणे सांगत नाही. मीही विचारलं नाही.

हे गाडी आणतो म्हणून गेले, ते आलेच नाहीत. जाऊन बघते तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडताहेत आणि खिडकीशी उभा रखवालदार, जाणारं माणूस कुणाला थांबवता येत नाही, असं समजावतोय. मी त्याला म्हटलं, ते जाणारं माणूस मीच, पण आता बेत बदललाय. बिचाऱ्याने मला चक्क सलाम ठोकला. मग यांना बाजूला सरकवलं आणि गाडी मीच चालवत घरी आणली.

लांब्याला घेऊन ये. प्रेम आहे, ते भेटून वाढव.

तुझी आत्या