दारापासून फाटकापर्यंत

४ जाने., रवि.
मंदार जेवून गेला. जाताना परत तेच. "आई, बाबांना घेऊन मांजरीच्या माझ्या फ्लॅटवर राहायला या. लिफ्ट आहे, खाली बाग आहे." हे ताक पीत बसले. गणपतीत दारातल्या वाटेवर घसरून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. डॉ. म्हणतात हाड जुळलंय, चाला. हे म्हणतात, उद्या.
मंदारला म्हटलं, महिनाअखेरपर्यंत थांब. हे आपल्या पायांनी फाटकापर्यंत गेले तर धायरीचं हे घर सोडायचं नाही. नाही गेले तर सामान बांधते. बोलून बसले खरी. आता ती वाट बदलायची.

६ जाने., मंगळ.
इक्बालभाई फरशीवाले आले. वाटेवर बादलीभर पाणी ओतलं. ते फाटकाकडे जायचं सोडून घराकडे आलं आणि कढीपत्त्यापाशी साचलं. "ताई, उतार उलटा आहे. कोणी केला?"
कोणी म्हणजे! धुण्याचं पाणी वाया जाऊ नये, झाडाला मिळावं म्हणून ह्यांनी उभं राहून करून घेतलाय. आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचे. कढीपत्ता माजला, शेवाळही माजलं.
खिडकीतून आवाज, "खडकवासल्याचं पाणी फुकट येत नाही म्हणावं."
त्याच पाण्यावर घसरलात, हे ओठांवर आलं होतं. गिळलं.

९ जाने., शुक्र.
सकाळपासून ठोकाठोकी. वरचं सिमेंट गुळगुळीत घोटलेलं, त्यावर फरशी धरत नाही. म्हणून छिन्नीने टोचे मारायचे. दारासमोरची माझी ऑइल पेंटची रांगोळीही काढायला हवी, रंगावर सिमेंटचा माल बसत नाही. ती मीच खरवडली, तारेच्या ब्रशने. दोन तास. बोटं सुजली.
हे: "नवीन कॉलनी उभारताय का?"
मी: "हो. रहिवासी मिळतोय का बघते."

१२ जाने., सोम.
नवा उतार झाला. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी बघतात, एक टोक मी धरलं होतं. खोलगट भागात काँक्रीट भरलं, ओलं असतानाच खराट्याने रेघा ओढल्या. खरखरीत असलं की फरशी घट्ट बसते.
हे चिडले. "झाड मरेल."
"झाडाला मी तांब्याने पाणी घालीन. तुमचं काय करू?"
मी जरा जास्तच बोलले.

१४ जाने., बुध. संक्रांत
वाटेवर ओली गोणपाटं. रोज तीनदा पाणी मारते. हळदीकुंकवाच्या बायका निऱ्या वर धरून कडेकडेने आल्या. शेजारच्या नानी म्हणाल्या, "अहो, सणाचं हे काय काढलंत?" म्हटलं, तिळगूळ घ्या आणि खाली बघून चाला.

१९ जाने., सोम.
फरश्या आल्या. निळ्या फुलांच्या, न घसरणाऱ्या. मी एक ओली करून हात फिरवून बघितली. मला फार आवडल्या. ह्यांच्यापुढे एक धरली. बघितलंच नाही. म्हणाले, "मला भीती वाटते गं."
इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. मी ह्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

२४ जाने., शनि.
उद्या फरशी बसवणार. गोणपाटं काढली, वाट स्वच्छ झाडली, चहा टाकायला आत आले. वॉकरचा आवाज. वाटलं, बाथरूमला निघालेत.
बाहेर बघते तर हे वाटेवर. अनवाणी. रेघांवर तळवा घासायचा, मग पाऊल टाकायचं. हाक मारली नाही, दचकले असते. फाटकाला हात लावला, वळले, परत आले. चहा उतू गेला.
"इथे पाय धरतो," म्हणाले. "फरशी नको. असंच राहू दे."
"आणि ती निळी फुलं?"
"तुला पाहिजेत तर बसव. मी मग आतच बरा."
मोरीत जाऊन रडून घेतलं. आनंदाने, आणि थोडं त्या फुलांसाठीही. एवढ्या हौसेने आणलेली, बसवली आणि हे पुन्हा उंबऱ्याआड बसले तर? आणि नाही बसवली, तर दारात कायम हे टोच्या-रेघांचं उघडं काँक्रीट?
इक्बालभाईंचा फोन. "ताई, सकाळी आठला येऊ ना?"
म्हटलं, "या. पण माल कालवू नका. आधी ह्यांना एका फरशीवर उभं करून बघू."
ह्यांना अजून सांगितलेलं नाही.