राधाकिशनचं डोकं आणि वैष्णवीच्या नवऱ्याचा फेटा

घाटनांदूर, सोमवार

ती. भागवतराव साडूसाहेब यांस आप्पारावचा शिरसाष्टांग नमस्कार. परळीच्या वीजकेंद्राच्या राखेनं तुमचा खोकला वाढला नसावा आणि विमलआक्कांचे गुडघे जिना चढू देत असावेत. इकडे सगळे खुशाल आहेत. शेजारचा राधाकिशन तर नको तितका खुशाल आहे. (फोनच केला असता, पण आमच्या घरात फोन स्पीकरवरच चालतो आणि राधाकिशनची भिंत आमच्या भिंतीला लागून आहे.)

वैष्णवीच्या लग्नात नवरदेवाला फेटा बांधायची सुपारी तुम्ही राधाकिशनला दिली, असं कानावर आलं. ते खोटं असावं म्हणून हे पत्र. पूर्वी फेटे तोच बांधायचा, पण त्याचे हात कापायला लागले तेव्हापासून या पंचक्रोशीतला एकही नवरदेव माझ्या हाताखालून गेल्याशिवाय बोहल्यावर चढलेला नाही. राधाकिशनच्या हातातला चहा तोंडात कमी आणि धोतरावर जास्त जायचा. मला त्याचं फार वाईट वाटायचं. (मानाची टॉवेल-टोपी माझ्याकडे यायला लागली, ती गोष्ट वेगळी.)

आणि आता हा माणूस पुण्याला जाऊन बरा होऊन आला आहे. तेही चिरफाड न करता, आवाजानं. सोनोग्राफीत असतो तोच, आपल्याला ऐकू न येणारा आवाज. डोक्याभोवती थंड पाण्याची टोपी बसवतात, चहूबाजूंनी आवाज सोडतात, तो मेंदूत मसुरीएवढ्या जागी एकवटतो आणि तेवढीच जागा तापून बंद पडते. कवटीला चीरसुद्धा नाही. मध्येमध्ये थांबून डॉक्टर त्याला कागदावर जिलेबी काढायला लावत. पहिली जिलेबी म्हणे कोंबडीनं विस्कटल्यासारखी होती आणि शेवटची हलवायानं मान खाली घालावी अशी. हे सगळं तो रोज पारावर सांगतो. ‘टाळूत गरम वाटलं बे आप्पा, अन् हात एकदम गप झाला बग,’ हे वाक्य आता आमच्या बैलांनाही पाठ आहे.

सोनोग्राफी मलाही झालेली आहे, मुतखड्यासाठी. पोटावर गार चिकट काहीतरी फासलं, यंत्र फिरवलं, खडा आहे म्हणाले आणि पाणी पीत जा सांगून घरी पाठवलं. आवाज तोच, पण माझ्या वाट्याला नुसतं बघणं आलं.

त्या टोपीसाठी डोकं सफाचट करावं लागतं, हे गावात कुणाला ठाऊक? एसटीतून गुळगुळीत डोक्याचा राधाकिशन उतरला आणि त्याची म्हातारी गेली, असं गावानं ठरवून टाकलं. (मिशा शाबूत होत्या, पण तेवढं कोण बघतं?) आईला, भामाबाईंना, त्यानं पुण्याला जाताना पाटोद्याला लेकीकडे ठेवलं होतं आणि येताना सोबत आणलं होतं, हेही कुणी पाहिलं नाही. दुखवट्याला अख्खी गल्ली गेली. मी पुढे बसलो. मायमाउली कशी होती, तिच्या हातची पुरणपोळी कशी होती, यावर मी डोळे पुसत बोलत असताना आतून भामाबाई पाखडायला ज्वारीचं सूप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘कावून रडतो रे आप्पा? कोन गेलं?’

इथं खरं तर फजिती राधाकिशनची व्हायला हवी होती. पण त्यानं किटली उचलली आणि सगळ्यांना स्वतः चहा ओतला. थेंब सांडला नाही. रडायला आलेली माणसं वाहवा करत घरी गेली. माझ्या अंगाची आग झाली आणि ती अजून विझलेली नाही, हे तुमच्यापासून कशाला लपवू?

आता मुद्द्याचं. डॉक्टरनं त्याचा फक्त उजवा हात बरा केला आहे. डावा अजून हलतो. फेटा दोन हातांचं काम आहे, उजव्यानं पीळ द्यायचा आणि डाव्यानं धरून ठेवायचा. ऐन मंगलाष्टकात व्याह्यांसमोर तुमच्या जावयाचा फेटा गळ्यात आला, तर मला बोल लावू नका. तेव्हा सुपारी फिरवा. थोरांना नमस्कार, वैष्णवीला आशीर्वाद.

आपला,
आप्पाराव

ता.क. अक्षर आमच्या सूनबाईंचं, बबिताचं आहे. माझा चष्मा दुरुस्तीला टाकलाय. सही तेवढी माझी. ती हलली आहे, कारण चौरंगाचा पाय मोडका आहे.

पुन्हा ता.क. राधाकिशनकडून त्या डॉक्टरचं नाव काढून घ्या. मी विचारलं म्हणून सांगू नका. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थाचा उजवा हात दिवाळीपासून कापतो. इथलाच आहे, भला माणूस आहे, फेटे छान बांधतो.

काका, मी बबिता. मामंजी चुन्याची डबी शोधायला आत गेलेत तोवर लिहिते. राधाकिशनकाकांना सगळं माहीत आहे. मागच्या लग्नात मामंजींनी बांधलेला फेटा मंगलाष्टकातच सुटला, तेव्हा सगळे हसले, राधाकिशनकाका तेवढे हसले नाहीत. त्यांनी मामंजींचं नाव त्या डॉक्टरांकडे लावून ठेवलंय, सोबत जाणार म्हणतात. पण नंबर लग्नानंतरचा आहे. तोवर त्यांचा निरोप असा: ‘माजा उजवा चांगला हाय, आप्पाचा डावा चांगला हाय. दोघं मिळून एक फेटा बांदू. नवरदेवाला फकस्त हलू नको म्हनावं.’ म्हणून सुपारी फिरवू नका, आणखी एक पाठवा.