खोडलेले नऊ आकडे

मी, संशोधन जहाजावर एकतीस वर्षं ध्रुवाकडच्या समुद्राचं पाणी मोजलेली बाई, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाशिवाय, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. जावई गुणी आहे, पण त्याचा हात फार सढळ, म्हणून सगळं तिच्याच नावावर. मागच्या खिडकीला खांदा लावल्याशिवाय ती बंद होत नाही, हे दोघांनी लक्षात ठेवावं.

२. माझी हत्यारांची पेटी आणि चोवीस नोंदवह्या भाचीला. ती आता जहाजावर माझ्या जागी आहे. पोरी, पाणी धरायच्या बाटलीचं झाकण बसवण्याआधी कडेवरून बोट फिरवत जा. साधा केस अडकला तरी वरचं पाणी आत शिरतं आणि खोलातला आकडा खोटा निघतो.

३. एकोणिसावी वही जिवापाड जपावी. समुद्र गोठतो तेव्हा बर्फ मीठ बाहेर टाकतो. ते खारं, जड पाणी तळाला जातं आणि तिथून दूरदूरच्या समुद्रांकडे सरकतं. ही वही ज्या वर्षीची, त्या वर्षी बर्फ धरायला फार उशीर झाला. वारा थेट पाण्याला भिडला आणि एरवी गप्प असणाऱ्या जागी अशा लाटा उठल्या, की जेवणाची ताटं टेबलावरून घसरली. नऊ दिवस मी तळाचं पाणी वर काढलं. नऊही दिवस मीठ कमी.

४. मोहिमेच्या प्रमुखांनी, म्हणजे मोठ्या साहेबांनी, ते नऊ आकडे खोडून समासात लिहिलं, "बाटली गळते." माझी बाटली! मी म्हटलं, "साहेब, बाटली ठीक आहे, समुद्र बदलतोय." तर म्हणाले, "बाई, तुम्ही पाणी काढा, विचार आम्ही करतो." सात वर्षांनी दुसऱ्या जहाजांनाही तेच सापडलं. साहेबांनी त्यावर भाषणं ठोकली. माझ्या वहीतली रेघ मात्र तशीच राहिली. आमच्यात खोडायचं ते एकाच रेघेने, खालचा आकडा वाचता येईल असं, आणि शेजारी सही. म्हणून माझे आकडे अजून शाबूत आहेत.

५. मोठ्या साहेबांना माझ्या अंत्यविधीला फिरकू देऊ नये. (हे कलम आज एका रेघेने खोडलं. वाचता येईल असंच खोडलं आहे. – माझी सही)

६. साक्षीदार म्हणून साहेबांना मुद्दाम बोलावलं आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, हे त्यांनी एकदा तरी सहीनिशी लिहून द्यावं, एवढीच माझी हौस.

स्थळ: राहत्या घरातलं स्वयंपाकाचं टेबल
दिनांक: २६ नोव्हेंबर २०२४
लिहून ठेवणारीची सही

साक्षीदार:
१. शेजारचा सुतार. सही.
२. मोहिमेचा निवृत्त प्रमुख. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत, त्या वर्षीही होत्या. एकोणिसाव्या वहीतले नऊ आकडे आज मी माझ्या हाताने पुन्हा कायम केले. बाटली गळत नव्हती. सही.